शिवारातून येणारा निरोप



गोडी छाटणीनंतरचे दिवस नाशिककडील द्राक्ष बागायतदाराची झोप उडवितात. फूट कोवळी असते, मध्येच परतीचा पाऊस गाठतो, पहाटे दव पडते. आणि पानावर पाणी काही तास टिकले की केवडा, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील 'डाऊनी', पानात शिरतो. पान किती वेळ ओले होते हेच ठाऊक नसल्याने केवळ धास्तीपोटी फवारणी होते. तिचा खर्च कर्जात जातो. शिवाय मालात औषधाचे अंश राहिल्यास काय होते, हे २०१० साली दिसले. त्या वेळी युरोपात भारतीय द्राक्षे अडली ती वाढ रोखणाऱ्या एका रसायनामुळे. पण धडा तोच.

पानाचा ओलावा वा जमिनीतील ओल मोजणारे संवेदक नवे नाहीत. अडचण होती निरोप पोहोचविण्याची. वाय-फाय अंगणापलीकडे फारसे जात नाही आणि प्रत्येक संवेदकाला मोबाइलचे सिमकार्ड द्यावे, तर बॅटरीही लवकर उतरते आणि शुल्कही चालू राहते.

'लोरा' तंत्राने ही गाठ सोडविली. ते फ्रान्समधील सायक्लिओ या छोट्या कंपनीत जन्मले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. पक्ष्याच्या शिळेप्रमाणे यातील लहरीची वारंवारता सरकत जाते, म्हणून गोंगाटात बुडालेला क्षीण संकेतही ओळखता येतो. मोकळ्या शिवारात तो काही किलोमीटर जातो, बॅटरी काही वर्षे टिकते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याविना खुला आहे.

मात्र हा निरोप्या मितभाषी आहे. लांबच्या पल्ल्यावर एका निरोपात जेमतेम ५० बाइट मावतात. छायाचित्र विसरावे! पण पान ६ तास ओले होते, एवढे सांगण्यास तेवढे पुष्कळ.

विक्रेते सांगत नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, संवेदकाचा मातीशी संपर्क तुटतो आणि ओल असूनही आकडा कोरडा येतो. दाट मांडवाखाली किंवा टेकडीआड संकेत क्षीण होतो. म्हणून ग्राहकयंत्र उंचावर, गावाच्या पाण्याच्या टाकीवर बसवावे आणि वीज जाते हे गृहीत धरून त्याला सौर पाटी जोडावी. एका यंत्रावर शेकडो संवेदक चालतात, तेव्हा ते एकट्या बागायतदाराने घेण्यापेक्षा गावच्या सोसायटीने घेणे परवडते.

घेताना करारात एक ओळ आवर्जून वाचावी : वर्गणी थांबल्यावर मागील हंगामांचे आकडे शेतकऱ्याच्या हाती राहतात की विक्रेत्याच्या.