दोन साक्षीदार

रात्री दोन तारकांमधील जागा डोळ्यांना काळी दिसते. क्ष-किरणांच्या दृष्टीने मात्र तेथेही अंधार नाही. जून १९६२ मध्ये अमेरिकेतून उडालेल्या एका अग्निबाणातील उपकरणांनी ही गोष्ट प्रथम दाखविली. रिकार्दो जाक्कोनी व त्यांचे सहकारी चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधावयास निघाले होते. त्यांना सापडला वृश्चिक राशीतील एक प्रखर स्रोत, आणि सर्व दिशांनी येणारा एक मंद क्ष-प्रकाश. हा प्रकाश येतो कोठून, या प्रश्नाने पुढे कित्येक वर्षे ज्योतिर्विदांना स्वस्थ बसू दिले नाही.

उत्तर दडले होते दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यात. मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी लक्षावधी, क्वचित अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याकडे ओढला जाणारा वायू भोवऱ्याप्रमाणे फिरत फिरत अतिशय तापतो आणि त्या परिसरातून क्ष-किरण बाहेर पडतात. असा गाभा तो सक्रिय गाभा. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ज्याचे अफाट अंतर ओळखले, तो ३सी २७३ हा क्वेसार त्यांतील अतितेजस्वी नमुना होय. परंतु तेजस्वी थोडे, मंदच फार. मंद गाभा आपल्याच दीर्घिकेतील ताऱ्यांच्या उजेडात लोपतो, नाहीतर धुळीच्या पडद्याआड झाकला जातो. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला ती दीर्घिका अगदी साधीसुधी भासते.

हा पडदा भेदतात ते अधिक ऊर्जेचे क्ष-किरण. पृथ्वीचे वातावरण त्यांना अडविते, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी ‘चंद्रा’ वेधशाळा २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात गेली. अश्मंत तारकासमूहातील, पूर्णचंद्राहूनही लहान अशा एका तुकड्यावर तिने अनेक वर्षांत मिळून सुमारे ७० लक्ष सेकंद, म्हणजे ८१ दिवस, दृष्टी रोखली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत तेथील हजारावर स्रोत नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्य सक्रिय गाभे ठरले. १९६२ च्या त्या क्ष-प्रकाशाचा मोठा भाग अशाच असंख्य बिंदूंचा आहे, हे आता सिद्ध झाले आहे.

तरी एकट्या क्ष-किरणांची साक्ष अपुरीच. मंद ठिपका जवळचा की दूरचा, हे तो स्वतः सांगत नाही. शिवाय दीर्घिकेतील जोडताऱ्यांपासूनही क्ष-किरण निघतात. म्हणून त्याच जागेची हबल दुर्बिणीने घेतलेली चित्रे तपासून ठिपक्याची दीर्घिका ओळखावयाची आणि जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींनी तिचा वर्णपट घ्यावयाचा. वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या, यावरून अंतर कळते. अंतरावरून खरे तेज कळते. ते तेज जोडताऱ्यांच्या आवाक्यापलीकडचे निघाले, की कृष्णविवराखेरीज दुसरा धनी उरत नाही.

काही गाभे इतक्या दाट वायूत गुरफटलेले आहेत की त्यांचे क्ष-किरणही बाहेर येता येता क्षीण होतात. जोवर ते मोजले जात नाहीत, तोवर कृष्णविवरे कशी वाढली याचा हिशेब अपुराच राहणार. विश्वाच्या न्यायासनापुढेही एकाच साक्षीवर निकाल देऊन चालत नाही.