बस बदलली, मग भाडं पुन्हा पहिल्यापासून का?



समजा, घरापासून कामाची जागा बारा किलोमीटरवर आहे. थेट बस मिळाली तर एक तिकीट. मध्ये उतरून दुसरी बस धरली तर दोन तिकिटं, आणि दोन्ही मिळून पैसे जास्त. कारण आपल्या बहुतेक शहरांत भाडं टप्प्यांवर ठरतं आणि पहिला टप्पा सगळ्यांत महाग पडतो. बस बदलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जो उन्हात ताटकळला, त्यालाच दंड!

मग काय होतं? धुण्याभांड्याला जाणाऱ्या कितीतरी बायका दुसऱ्या बसचे पैसे वाचवायला पायी जातात. ‘पास काढा’ म्हणणं सोपं आहे. महिन्याचे पैसे एकदम हातात लागतात त्याला. बाकीचे थेट बस मागतात. मार्ग लांबत जातात, लांब मार्गावरची बस कोंडीत अडकते, आणि अर्धा तास वाट पाहिल्यावर दोन बस एकापाठोपाठ येतात. हे तुम्हाला मी सांगायला नको.

दक्षिण कोरियाच्या सोल शहरानं १ जुलै २००४ ला हा हिशोबच बदलला. कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही. उतरल्यापासून तीस मिनिटांत दुसरी बस किंवा मेट्रो धरली, तर तो एकच प्रवास. पहिल्या दहा किलोमीटरचं भाडं एकदाच. पुढे दर पाच किलोमीटरला थोडी भर. पहिल्या दिवशी कार्डयंत्रं बिघडली, लोक चिडले, महापौरांना माफी मागावी लागली. पण पद्धत टिकली.

आपल्याकडे एक गंमत झाली. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बसप्रवास मोफत झाला. चर्चा फुकटेपणाची झाली. पण त्यांच्यापुरता बस बदलण्याचा दंडही गेला, हे फारसं कुणी बोललं नाही.

अर्थात, भाडं ही अर्धीच गोष्ट. दुसरी बस दर दहा मिनिटांनी असेल तर वेळ जुळवायची गरज नाही. ती तासाला एक असेल, तर मात्र पहिली बस उशिरा आल्यावर तिनं चार मिनिटं थांबायला हवं, आणि ते चालक-वाहकाच्या मर्जीवर नको, वेळापत्रकातच हवं. शिवाय दुसरा थांबा रस्त्यापलीकडे नको. मूल कडेवर घेऊन दुभाजक ओलांडावा लागला, तर तिकीट स्वस्त करून काय उपयोग?

आता तुमच्या शहरात बस कुठे बदलावी लागते, ते सांगा. तिथूनच प्रश्न घेऊ.