सूर्यानं प्यालेलं पाणी कुणाच्या खात्यावर?

(म्हसवड येथील बैठकीतील भाषण)



आज ज्वारीच्या, कापसाच्या भावाचं बोलणार नाही. तलावाचं पाणी किती तापतं, त्याचं बोलणार आहे. हसू नका, यातही हिशेबच आहे.

कृष्णेच्या पाण्याचा निवाडा बच्छावत लवादानं १९७३ साली दिला, १९७६ साली पक्का केला. त्यात एक कलम आहे. धरणा-तलावांतून उन्हानं जे पाणी उडून जातं, तेही त्या राज्यानं वापरलं असं धरायचं! माण भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे १८७६-७७ च्या दुष्काळात ज्याचं काम निघालं, त्या आपल्या राजेवाडीच्या तलावातून सूर्य जे पितो, ते महाराष्ट्राच्या नावावर खर्ची. कणसाला थेंब न लागता.

किती पितो? शंभर हेक्टर पाण्यावरून एक मिलिमीटर उडालं, तर दहा लाख लिटर गेलं. पाणी २५ अंशांवरून ३० वर गेलं की त्याचा वाफेचा दाब सुमारे एक तृतीयांशानं वाढतो. पुढं वारा आणि हवेतली कोरड आहेच.

हे मोजायला चार फूट रुंद, दहा इंच खोल असं भांडं उघड्यावर ठेवतात. भांड्यातलं पाणी तलावापेक्षा लवकर तापतं, म्हणून त्याचा आकडा साधारण ०.७ नं गुणतात. पण हा गुणक तलावागणिक, महिन्यागणिक बदलतो. तो तपासायचा तर तलावाच्या पाण्याचं तापमान वर्षानुवर्षं लिहिलेलं हवं. कापसाच्या काट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, आणि या काट्याकडे पाठ?

सैबेरियात बैकल नावाचं अजस्र सरोवर आहे. तिथं मिखाईल कोझोव्ह यांनी १९४५ च्या सुमारास नियमित मोजणी सुरू केली. पुढं मुलीनं, मग नातीनं चालवली. साठ वर्षांच्या नोंदींवरून २००८ साली जगाला कळलं, की वरचं पाणी १.२ अंशानं तापलं. तीन पिढ्यांत सव्वा अंश! एका वर्षाच्या वहीत हे दिसलंच नसतं.

म्हणून मोजणी एकाच जागी, एकाच खोलीवर, एकाच वेळी. यंदा सकाळी आणि पुढल्या वर्षी दुपारी मोजलं, तर तलाव तापला नाही, आपली झोप वाढली! तापमापी पाण्यात असतानाच वाचा. वर काढली की ओल्या फुग्याला वारा लागून पारा उतरतो. पाण्याची पातळीही लिहा. तापमापी बदलली तर जुनी-नवी महिनाभर शेजारी ठेवा आणि फरक टिपून ठेवा.

मग तपासणी. २३ चे ३२ झालेत का? काल २४, आज ३१, उद्या पुन्हा २४, असं कसं? सलग दहा दिवस एकच आकडा आला, तर तो घरी बसून लिहिलेला असायचा. मात्र संशयी आकडा खोडू नका, शेजारी खूण करा. कदाचित तोच खरा निघेल. ज्या दिवशी गेला नाहीत, ती जागा कोरी ठेवा. अंदाजानं भरलेली रकान्याची ओळ पुढच्या माणसाला दहा वर्षं फसवते. दुसऱ्याकडून मागून आणलेल्या आकड्यावर आपली सही नको.

वहीच्या दोन प्रती राहतील, एक गावात, एक तालुक्याला. दर अमावास्येला दोन्ही समोरासमोर धरून वाचायच्या. ज्यांना रोज सकाळी आठला तलावावर जाता येईल, त्यांनी जेवणाआधी नावं सांगावीत. एका जागेला दोन माणसं लागतील, एक आजारी पडला तर दुसरा.