जैवभार : टाकाऊतील तेज
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने ऊर्जेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु या विषयाशी माझा पहिला परिचय आईच्या चुलीपाशी झाला. फुंकणीने गोवऱ्या पेटविताना धुराने लाल झालेले तिचे डोळे मला आजही आठवतात. लाकूड, शेण, पाचट, खरकटे या साऱ्यांना आता ‘जैवभार’ हे भारदस्त नाव मिळाले आहे. पण ते चुलीत धुमसत राहते तोवर त्या ऊर्जेची किंमत गृहिणीच्या फुप्फुसांना मोजावी लागते.

वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सूर्याची शक्ती आपल्या देहात साठवितात. त्या जाळल्या की तोच वायू हवेत परततो आणि नवे पीक तो पुन्हा घेते. म्हणून ही ऊर्जा नवीकरणीय. मात्र तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले नाही, तर हे विशेषण खोटे ठरते.

हेच शेण-खरकटे हवाबंद टाकीत कुजविले, तर सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण करतात. चुलीत धूर होत नाही आणि उरलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. देहूचे डॉ. मापुसकर यांनी अप्पासाहेब पटवर्धनांच्या कल्पनेवरून शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ गॅसयंत्र विकसित केले. मल आणि प्रभा! या एका समासात सारा विषय सामावला आहे. २०१७ साली डॉक्टरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आपल्या इंदूरातही देवगुराडिया येथील प्रकल्पाचे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झाले. दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी निर्माण करण्याची क्षमता त्याला देण्यात आली. यंत्रे मोठी खरी. पण त्यांची पहिली पायरी आपल्या स्वयंपाकघरात आहे. ओल्यात प्लास्टिक मिसळले, की सूक्ष्मजीवांना ते पचत नाही आणि पुढचे काम अडते.

एकदा आमच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत दुधाची रिकामी पिशवी निघाली. कचरागाडीवरच्या बाईंनी ती उचलून, काही न बोलता, माझ्या हातात परत दिली. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या. त्या सकाळी माझी वही तपासली गेली. तेव्हापासून बादली मी स्वतः पाहतो. आपणही पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.