वर्गातला लॅपटॉप कोणाचा?

(अंबरनाथ पश्चिम येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



महाविद्यालयाच्या वर्गात लॅपटॉप व मोबाइलला बंदी असावी काय, असा प्रश्न आपण मला घातला आहे. बंदी मागणाऱ्या प्राध्यापकांचा त्रागा मी समजू शकतो. पडद्यात डोके घालून बसलेला विद्यार्थी मागणीचा सिद्धान्त टिपून घेतो आहे की क्रिकेटचा धावफलक पाहतो आहे, हे फळ्यापाशी उभ्या माणसाला कळत नाही. २०१४ साली अमेरिकेत म्युलर व ओपनहायमर यांना प्रयोगांत असे आढळले की, लॅपटॉपवर टिपणे घेणारे व्याख्यान शब्दशः उतरवितात आणि संकल्पनांच्या आकलनात हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. २०१९ च्या फेरप्रयोगात हा फरक तितका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय शब्दशः उतरविण्याचा रोग आपल्याकडे लॅपटॉपहून जुना आहे. नोट्स सांगून आम्हीच तो पोसला!

परंतु हा वाद नेमका कोणत्या वर्गाविषयी चालला आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातील अवघ्या १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला, शहरांत २३.४, ग्रामीण भागात ४.४. त्यानंतर मोबाइल घरोघर पोचला हे खरे, पण मोबाइल म्हणजे संगणक नव्हे. पदव्युत्तर वर्गाचा अख्खा प्रकल्प अंगठ्याने मोबाइलवर टंकलेला मी तपासला आहे. २०२० साली वर्ग बंद पडले तेव्हा आपल्या अंबरनाथ-उल्हासनगरच्या चाळींत एका मोबाइलवर दोन-दोन भावंडांनी आळीपाळीने तास ऐकले, ते आपण विसरलो काय?

शेतकऱ्याच्या करातून वरिष्ठ वर्गाचे शिक्षण चालते, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. आज साधन विकत घेण्याचा भारही पालकावरच टाकला जातो. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, वसतिगृहातील मोबाइल-निर्बंधाच्या प्रकरणात, इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग मानला.

तेव्हा तासाला पडदा उघडावा की मिटावा, हे त्या त्या शिक्षकावर सोपवा; त्यात पक्षाने पडू नये. आपण मात्र येत्या महिन्यात प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जावे. चालू स्थितीतले संगणक किती आणि दिवसा नोकरी करणाऱ्या मुलासाठी ते सायंकाळी किती वाजेपर्यंत खुले, एवढे दोन आकडे लिहून आणावेत. पुढच्या बैठकीत त्यांवर बोलू.