काळ्या दगडांच्या राशी
(मॉरिशसच्या प्रवासानंतर कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण मला विषय सुचविला होता तो 'मॉरिशसचा विकास' हा. विषय मोठा आहे आणि त्यावर आकडेवारीचे जाड ग्रंथ उपलब्ध आहेत. मी आज त्यामानाने फार लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. त्या बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला जी एक दिवसाची सहल विकली जाते, ती सहल हा माझा विषय. सकाळी साडेआठला गाडी दाराशी येते, वाटाड्या सोबत असतो, दुपारचे जेवण वाटेत होते, संध्याकाळी प्रवासी परत मुक्कामी. एवढ्या अवधीत बेटाचा ज्वालामुखीजन्य नैर्ऋत्य भाग आणि तिथली खेडी 'पाहून होतात'. अर्थशास्त्राच्या माणसाने अशी सहल अवश्य करावी असे माझे मत आहे. कारण तिच्यात काय दाखविले जाते आणि कशावरून गाडी न थांबता पुढे जाते, यावरून त्या देशातील मालकीच्या संबंधांचा पुष्कळसा उलगडा होतो.

प्रथम भूगोल. मॉरिशस हे बेट समुद्रतळावरील ज्वालामुखीने ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी वर काढले. तिथून सव्वादोनशे किलोमीटरवर रीयुनियन बेट आहे, ते त्याहून तरुण. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. भूशास्त्रज्ञांचे असे मत आहे की पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोताने ही दोन्ही बेटे घडविली, त्याच स्रोताने सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा ओतला. पुढे भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि तो स्रोत हिंदी महासागराखाली राहिला. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण आणि मॉरिशसचा काळा पाषाण ही एकाच चुलीवरची भाकर आहे. रत्नागिरी-सावंतवाडीकडून जे मजूर गेल्या शतकाच्या आधी मुंबई बंदरातून तिकडे गेले, ते दगडाच्या बाबतीत तरी परदेशी गेले नाहीत!

आता सहल. पश्चिम किनाऱ्यावरून गाडी निघाली की पहिला पाऊण तास दोन्ही बाजूंना ऊस. मग क्युरपीप या गावातील 'त्रू ओ सेर' नावाचे विवर येते. सुमारे ८० मीटर खोल खळगा, त्यात झाडी, कडेने फिरायला रस्ता, चहूकडचे डोंगर दिसतात. तेथून जहाजांच्या लहान प्रतिकृती बनविणारे एक दुकान. वाटाड्यांना अशा दुकानांकडून काही मिळते, हे कोणी लपवीत नाही. मग ग्रां बासँ, ज्याला आता सारे गंगातलाव म्हणतात. हेही जुने विवरच, पाण्याने भरलेले. महाशिवरात्रीला लाखो लोक तिथे पायी येतात, आणि २००७ पासून तिथे १०८ फुटी शंकर उभा आहे. नंतर अरण्यातील दऱ्या, शामारेलची सप्तरंगी माती, मळीऐवजी थेट उसाच्या रसापासून बनविलेल्या रमचा कारखाना, आणि शेवटी समुद्रकाठच्या खेड्यांतून परत.

वाटाड्या विवराजवळ वीस मिनिटे बोलला, मातीजवळ दहा मिनिटे. पण सकाळच्या त्या पाऊण तासात उसाच्या फडांमधून जे सतत दिसत होते, त्याविषयी मी विचारीपर्यंत अवाक्षर नाही. फडाच्या मध्यभागी काळ्या दगडांच्या राशी. काही नुसत्या ओतल्यासारख्या, काही दोन पुरुष उंच, काही चिऱ्यावर चिरा ठेवून पायऱ्यापायऱ्यांनी इतक्या नेटक्या रचलेल्या की काही परदेशी उत्साही मंडळींनी ही प्राचीन पिरॅमिडे असल्याचा शोध लावला आहे. त्यांना शोध लावू द्या. त्या राशी मजुरांनी हातांनी रचल्या आहेत. लाव्हाचे हे बेट दगडांनी भरलेले होते. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचा. यंत्रे आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर पहार, टोपली आणि डोके. प्रथम मादागास्कर आणि आफ्रिकेहून आणलेले गुलाम, आणि १८३४ पासून हिंदुस्थानचे गिरमिटिये.

इथे मला थोडे वर्गात शिरावे लागेल, क्षमा असावी. रिकार्डोने जमिनीच्या खंडाची उपपत्ती मांडली तेव्हा खंड म्हणजे मातीच्या मूळच्या, न झिजणाऱ्या शक्तीचे मोल, असे धरले. विद्यार्थ्यांना मी पस्तीस वर्षे हे शिकविले. मॉरिशसमध्ये प्रश्न असा पडतो की मूळची शक्ती कोणती? मूळचा होता तो दगड. एकरामागून एकर जी लागवडीची जमीन झाली, ती माणसांनी केली. आणि ती केल्यानंतर तिच्या सुपीकतेचे उत्पन्न मालकाला 'निसर्गाची देणगी' म्हणून मिळत राहिले. सहलीची जाहिरात 'ज्वालामुखीने घडविलेली भूमी' असे म्हणते, तेव्हा ती भूगोल सांगते आणि नकळत मालकाची बाजूही मांडते. कारण भूमी ज्वालामुखीने घडविली असेल तर ती ज्याच्या नावावर आहे त्याची. ती मजुराने घडविली असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

तो हिशेब कसा मांडला गेला ते पाहा. १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट घेतले, पण फ्रेंच मळेवाल्यांच्या मालमत्तेला हात लावला नाही. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने २१ लाख पौंडांवर रक्कम दिली. ती सगळी मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक पैही नाही, उलट आणखी चार वर्षे 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे सक्तीचे काम. त्या भांडवलावर मळेवाल्यांनी नवे मजूर आणले. १८३४ पासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. महिना पाच रुपये आणि शिधा, करार पाच वर्षांचा, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगणे भाग पडले. नसल्यास तो भटक्या म्हणून तुरुंगात. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपीय गृहस्थाच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा राजकीय चौकशी आयोग नेमला गेला. त्या काळच्या, ज्यांना सही करता येत नव्हती अशा माणसांची ही संख्या आहे. आपल्यापैकी ज्यांनी सह्यांच्या मोहिमा केल्या आहेत त्यांना तिचे मोल सांगावयास नको.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता, आणि मराठी निघाला. मी अध्यापक आहे असे कळताच त्याने मला 'गुरुजी' म्हणावयास सुरुवात केली. तिकडे भाषा शिकविणाऱ्याला सारे गुरुजीच म्हणतात. त्याचे आडनाव म्हणजे त्याच्या खापरपणजोबांचे पहिले नाव. कारकुनाने नोंद करताना नावाचे आडनाव केले आणि गाव गाळले. त्यामुळे कोणत्या तालुक्यातून आलो हे त्याला ठाऊक नाही. घरात क्रिओल बोलतात, त्याने शाळेत मराठी घेतली होती, गणपतीला गावात जाखडी नाचतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुटी असते, हे त्याने अभिमानाने सांगितले. राशींविषयी विचारल्यावर मात्र तो जरा थांबला. मग म्हणाला, गुरुजी, पाहुणे दगड बघायला येत नाहीत. पुढे त्यानेच सांगितले की त्याची आजी फडात दगड वेचीत असे आणि म्हातारपणी तिची मान सरळ होत नसे. गाडीतील बाकीचे प्रवासी त्या वेळी बाहेर छायाचित्रे काढीत होते.

शामारेलची माती पाहण्यासारखी आहे, हे मी नाकारीत नाही. तांबडी, तपकिरी, जांभळट अशा रंगांच्या लाटा. कृष्णप्रस्तर उष्ण-दमट हवेत कुजतो, पाण्याने सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात, त्यांचे हे रंग. आपल्या कोकणातला जांभा याच जातीच्या क्रियेतून झालेला आहे; रत्नागिरीच्या माणसाने तांबडी माती पाहण्यासाठी तिकीट काढावे ही गोष्ट मला गमतीची वाटली. पण तिकीट आहेच, कारण जागा खाजगी आहे. त्या मातीत ऊस होत नाही, गवत उगवत नाही. रिकार्डोच्या हिशेबात तिचा खंड शून्य. आणि तरी केवळ पाहू देण्याचा खंड ती देते. २०१९ मध्ये या साडेबारा लाख वस्तीच्या देशात सुमारे १३ लाख ८० हजार प्रवासी आले. त्यांतले किती त्या कुंपणाजवळ उभे राहत असतील याचा अंदाज आपण करावा.

परतीच्या वाटेवरची खेडी सहलीत 'पारंपरिक' म्हणून दाखवितात. गाडीच्या काचेतून पत्र्याची रंगीत घरे, वाळत घातलेली जाळी. ही मुख्यतः गुलामांच्या वंशजांची वस्ती. समोर ल मॉर्न हा ५५६ मीटरांचा काळा सुळका. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपत असत, आणि २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. गिरमिटियांच्या वंशजांपैकी अनेकांना १८८० नंतर थोडीफार जमीन मिळाली, कारण साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेचे, दगडाळ तुकडे पाडून विकले. अशा तुकडेवाटपाला तिकडे 'मॉर्सेलमाँ' म्हणतात आणि आजही नव्या वसाहतींच्या पाटीवर तोच शब्द असतो. जुन्या मजुरांनी पै-पै साठवून ते तुकडे घेतले आणि पुन्हा दगड वेचले, या वेळी स्वतःसाठी. गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला ही संधीही क्वचितच आली. २००९ मध्ये नेमलेल्या सत्य व न्याय आयोगापुढे जमिनी हिरावल्याच्या शेकडो तक्रारी आल्या, आणि २०११ च्या त्याच्या अहवालात त्या नोंदल्या आहेत. एकाच अन्यायाखाली भरडलेल्या दोन समूहांत जमिनीने कशी दरी पाडली, हा आपल्याही अभ्यासाचा विषय आहे.

सहल उत्तरेला बेल व्ह्यू हारेलकडे जात नाही. तिथे विवर नाही, धबधबा नाही. २७ सप्टेंबर १९४३ ला संपावरील ऊसमजुरांवर तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि चौघे ठार झाले. त्यांत अंजले कुपेन ही गर्भवती मजूर स्त्री होती. तिच्या नावाचे क्रीडांगण आज तिथे आहे.

मी एकांगी बोलतो असे आपणांस वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १९६१ मध्ये प्रा. जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याविषयी फार निराश अहवाल लिहिला होता: वाढती वस्ती, एकच पीक, मार्ग नाही. मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण मॉरिशसने त्यांचे भाकीत खोटे ठरविले. साखरेच्या निर्यातीवर कर बसवून, १९७५ च्या लोमे करारातील साखरेच्या हमीभावाचा लाभ घेऊन, १९७० पासून निर्यात उद्योग उभे करून त्या देशाने मोफत शिक्षण, मोफत आरोग्यसेवा आणि वृद्धांना निवृत्तिवेतन दिले. सरसकट निवृत्तिवेतन तर १९५८ पासून, स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधी. आपल्याकडील जे विद्वान गरीब देशाला कल्याणकारी योजना परवडत नाहीत असे म्हणतात, त्यांनी हा इतिहास वाचावा. मात्र एक गोष्ट घडली नाही. १९८२ च्या निवडणुकीत डाव्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या, तरी मोठ्या मळ्यांच्या मालकीची रचना मोडली नाही, आणि पुढच्याच वर्षी ती आघाडीही फुटली.

त्या न मोडलेल्या मालकीचे आज काय होते आहे? युरोपने २००६ पासून साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरविला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. साखर कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. २००२ मध्ये सरकारने योजना काढली होती की परदेशी माणसाने किमान ५ लाख डॉलरचा बंगला घेतल्यास त्याला राहण्याचा परवाना मिळेल. मळेवाल्यांना उसापेक्षा हे पीक फायद्याचे. तामारँच्या आसपास आमची गाडी अशा वसाहतींच्या भिंतींजवळून गेली. गोल्फचे हिरवे मैदान, दारावर पहारेकरी. वाटाड्याचा मुलगा तिथे बागकाम करतो. गावात घरासाठी जागा घेणे मात्र त्याला जमत नाही, भाव त्या बंगल्यांच्या मागोमाग चढले आहेत. ज्या एकराचे दगड खापरपणजोबांनी उचलले, त्या एकराला आज डॉलरमध्ये किंमत आहे, आणि ती घेणारा त्या राशी रचणाऱ्यांचा कोणी नव्हे.

राशीही आता फार राहणार नाहीत. २००१ मध्ये खाडीतील प्रवाळाची वाळू काढण्यास बंदी आली. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण बांधकामाला खडी आणि वाळू हवीच. ती आता काळा पाषाण भरडून करतात, आणि सर्वांत स्वस्त पाषाण म्हणजे फडांतून आधीच वेचून ठेवलेला. संध्याकाळी परतताना रस्त्याकडेला एक खडीयंत्र चालू होते. मालमोटार उसाच्या फडातून दगड आणून ओतीत होती, आणि दुसरी मालमोटार भरड घेऊन तामारँच्या दिशेने निघाली होती.