जखमेची बोली



आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, तो सुचण्याला माझी स्वतःचीच एक चूक कारण झाली. कांहीं वर्षांपूर्वीं एका मासिकासाठीं मीं पहिल्या महायुद्धांतील एका इंग्रज शिपायाच्या पत्राचें भाषांतर केलें. हा शिपाई आपल्या आईला लिहितो कीं, काल रात्रीं माझ्या सोबत्याला एक छानशी ‘ब्लायटी’ मिळाली, आणि मला त्याचा हेवा वाटतो. ‘ब्लायटी’ म्हणजे इंग्लंड, इतकें मला ठाऊक होतें. तेव्हां सोबत्याला मायदेशीं जाण्यास रजा मिळाली असणार, असा तर्क करून मीं तसें खुशाल ठोकून दिलें. अंक निघाल्यावर आठ दिवसांनीं सातारा जिल्ह्यांतून एका वृद्ध वाचकाचें कार्ड आलें. मजकूर एका ओळीचा होता: ‘रजा नव्हे, साहेब. गोळी.’

शरमेनें मान खालीं घालून मीं कोश उघडले. खंदकांतल्या शिपायांच्या बोलींत ‘ब्लायटी’ म्हणजे अशी जखम, कीं जी माणसाला मारणार नाहीं, जन्माचा पांगळाही करणार नाहीं, पण फ्रान्समधल्या इस्पितळांत बरी होण्याइतकी किरकोळही नसेल. म्हणजे खाडी ओलांडून इंग्लंडला पाठवावेंच लागेल अशी. चिखलांत, उंदरांच्या संगतींत महिने काढलेला वीस वर्षांचा पोरगा देवाजवळ मागणें मागे, तें अशा जखमेचें. आणि ती लाभली कीं इतर जण त्याचें अभिनंदन करीत.

मौज अशी कीं हा शब्द मूळ आपल्याकडचा. अरबी ‘विलायत’ म्हणजे मुलूख. त्यावरून हिंदुस्थानी ‘विलायती’ अथवा ‘बिलायती’ म्हणजे परदेशचा. यूल आणि बर्नेल या दोघां पंडितांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत हा शब्द सांपडतो. आपण तर मेक्सिकोहून आलेल्या चिंचेलाही विलायती चिंच म्हणतों! इकडच्या पलटणींतल्या गोऱ्या शिपायांनीं त्या ‘बिलायती’चें ‘ब्लायटी’ केलें, आणि महायुद्धांत तो शब्द घरोघर पोंचला. याच काळांत रूढ झालेला दुसरा शब्द ‘कुशी’. त्याचें मूळ बहुतेक कोशकार आपल्या ‘खूष’ शब्दांत दाखवितात. ‘कुशी’ जखम म्हणजे सुखाची जखम! फ्लॅंडर्सच्या चिखलांत पडलेला लॅंकेशायरचा एखादा गिरणीकामगार आपल्या फुटलेल्या दंडाचें वर्णन दोन हिंदुस्थानी शब्दांत करीत होता, आणि त्याला त्याची दादही नव्हती.

पण ज्यांच्या देशांतून हे शब्द गेले, त्या शिपायांना ‘ब्लायटी’ कोठली? १९१४ च्या सप्टेंबरांत हिंदी फौज मार्सेय बंदरांत उतरली. तिचे जखमी इंग्लंडला नेले जात. ब्रायटन येथील राजवाड्याचें त्यांच्यासाठीं इस्पितळ केलें होतें. घुमटांखालीं खाटा होत्या आणि जातवार वेगळीं स्वयंपाकघरें होतीं. म्हणजे जखम त्यांना अक्षरशः विलायतेंत पोंचवी, पण घरीं नव्हे. बरा झालेला हिंदी शिपाई पुन्हा खंदकांत जाई. ‘एकदां जखमी झालों, आतां तरी घरीं सोडा,’ हें गाऱ्हाणें त्यांच्या पत्रांतून वारंवार येतें. सेन्सॉरनें या पत्रांचे उतारे करून ठेवले होते. डेव्हिड ओमिसी यांनीं त्यांतील निवडक १९९९ सालीं ग्रंथरूपानें छापले आहेत. ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं तें पुस्तक अवश्य पाहावें.

याहून कडू गोष्ट पुढेंच आहे. हिंदी शिपायांत हाताच्या जखमा फार दिसतात, तेव्हां हे स्वतःच हातावर गोळी झाडून घेत असावेत, असा संशय अधिकाऱ्यांत पसरला. ब्रायटनच्या किचनेर इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनीं १९१५ सालीं एक हजार जखमा तपासून त्यावर अहवाल लिहिला, आणि त्या संशयाला आधार मिळत नाहीं असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गोऱ्याची जखम ‘छान’ आणि काळ्याची ‘संशयास्पद’! एकाच खंदकांतल्या दोन हातांना दोन शब्द लागत होते.

येथें एक इंग्रजी वाक्प्रचार सहजच आठवतो: आपल्याच पायांत गोळी घालून घेणें. आपण म्हणतों ‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणें’ किंवा ‘कुऱ्हाड मारून घेणें’. आपला वाक्प्रचार शेताचा आणि रानाचा, त्यांचा बंदुकीचा. दोहोंचा आजचा अर्थ मूर्खपणानें स्वतःचें नुकसान करणें हाच. पण त्या युद्धांत खरोखर पायांत गोळी घालून घेणारे होते. ते मूर्ख नव्हते, हताश होते, आणि सांपडल्यास त्यांच्यावर लष्करी खटला चाले. आज एखाद्या मंत्र्याच्या भाषणावर टीका करतांना वर्तमानपत्रें हा वाक्प्रचार हंसत हंसत वापरतात.

‘गोळी चावणें’ या वाक्प्रचाराचीही अशीच कथा. अर्थ, अटळ दुःख धैर्यानें सोसणें. मराठींत ‘काळजावर दगड ठेवून’ हें त्याला बरेंच जवळ येईल. भूल देण्याची विद्या निघण्यापूर्वीं शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्याच्या दांतांत शिशाची गोळी देत, त्यावरून हा आला असें सर्वत्र सांगतात. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं झाला, तेव्हां ही कथा ऐकावयास जुळते खरी. परंतु फ्रान्सिस ग्रोस याच्या अशिष्ट शब्दांच्या कोशांत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, वेगळीच नोंद सांपडते: फटक्यांची शिक्षा भोगतांना तोंडांतून आवाज निघूं नये म्हणून शिपाई गोळी चावून धरीत, आणि जो ओरडे त्याला इतर जण ‘बुलबुल’ म्हणून चिडवीत. म्हणजे ही वेदना शत्रूनें दिलेली नव्हे, वैद्यानेंही नव्हे. ती आपल्याच सरदाराच्या हुकमाची. १८५७ च्या काडतुसांशीं या वाक्प्रचाराचा संबंध जोडणारेही कांहीं विद्वान् भेटतात. पण तेव्हां दांतांनीं तोडावयाचा होता तो काडतुसाचा कागद. आणि ग्रोसचा कोश त्याच्या अर्धशतकाहूनही आधींचा. मुंबईंत जन्मलेल्या किपलिंगनें १८९१ च्या आपल्या कादंबरींत हा प्रयोग केला आणि तो सभ्य घरांत शिरला.

मुष्टियुद्धाचा आखाडा ही या बोलीची दुसरी टांकसाळ. तेथें रक्ताला ‘क्लॅरेट’, म्हणजे तांबडी दारू, म्हणत, आणि काळ्यानिळ्या डोळ्याला ‘उंदीर’. कमरेखालीं धरूं नये हा नियम ब्रॉटननें १७४३ सालीं घातला; ‘पट्ट्याखालीं मारणें’ याचा अर्थ आज अधर्मानें वागणें असा होतो. हें सारें गमतीचें आहे. पण ‘पंच-ड्रंक’ या शब्दापाशीं थांबावें लागतें. डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन जुना मल्ल झिंगल्यासारखा चालूं लागे, बोलणें अडखळे, तेव्हां आखाड्याभोंवतालचे लोक त्याला हें नांव देत. अमेरिकन वैद्य मार्टलंड यांनीं १९२८ सालीं या विकारावर निबंध लिहिला, तेव्हां मथळ्याला त्यांनीं लोकांचा हाच शब्द घेतला. मेंदूच्या या व्याधीला आज मोठें लांबलचक शास्त्रीय नांव आहे. तिकिटें काढून खेळ पाहणाऱ्यांना मात्र ती वैद्यांच्या आधीं दिसली होती, आणि तरीही ते टाळ्या वाजवीत राहिले.

आतां एक हलकी गोष्ट सांगतों. माझी भाची लंडनला नाटकांत प्रथमच काम करणार होती. तिनें आजीला दूरध्वनीवर सांगितलें कीं, सगळे मला ‘तुझा पाय मोडो’ म्हणताहेत. आजी संतापली. ‘असल्या मेल्यांत कशाला राहतेस?’ लिंकनचा खून करून रंगभूमीवर उडी मारतांना बूथचा पाय मोडला, त्यावरून हा प्रयोग निघाला असें सांगणारे आहेत. पण ती गोष्ट १८६५ ची आणि नटांच्या तोंडीं हा प्रयोग आढळतो तो विसाव्या शतकांत. जर्मन लोक तर मान आणि पाय दोन्ही मोडोत असें म्हणून शुभ चिंतितात. चांगलें बोललें तर दृष्ट लागेल, ही भीति त्याच्या मुळाशीं दिसते. मीं आजींना म्हटलें, ‘आपण तरी मुलें जगावींत म्हणून त्यांचीं नांवें दगडू, धोंडू ठेवलींच ना? आणि लाडक्या नातवाला मेल्या कोण म्हणतें?’ त्या हंसल्या, पण पाय शाबूत असल्याची खात्री त्यांनीं प्रयोगानंतर करून घेतलीच.

सातारकडच्या त्या वाचकांना मीं क्षमेचें पत्र लिहिलें, आणि आपणांस हा अर्थ कसा ठाऊक, असेंही विचारलें. त्यांचें सविस्तर उत्तर आलें. त्यांचे वडील मराठा पलटणींतून मेसोपोटेमियांत गेले होते. कूटला वेढा पडण्यापूर्वींच हाताला गोळी लागून दोन बोटें गेलीं, आणि बसऱ्याहून जहाजानें ते मुंबईस आले. मागें राहिलेले त्यांचे सोबती २९ एप्रिल १९१६ रोजीं फौजेनें शरणागति पत्करल्यावर तुर्कांच्या कैदेंत गेले. त्यांतले कित्येक परतलेच नाहींत. वडील म्हातारपणीं तीं उरलेलीं तीन बोटें नातवंडांना दाखवीत आणि ही माझी ‘बिलाटी’ म्हणत. हा शब्द ते गोऱ्या शिपायांकडून शिकले होते. तो मूळ आपलाच, हें त्यांना कधींच कळलें नाहीं.

पुस्तकरूपानें तीं पत्रें पुन्हा छापण्याची वेळ आली, तेव्हां मीं या गृहस्थांनाच विचारलें कीं, ‘ब्लायटी’ला मराठी शब्द कोणता घालूं? परतटपालीनें कार्ड आलें: ‘घरची गोळी, असें लिहा. आमची आजी तसेंच म्हणे.’ पुस्तकांत तोच शब्द छापला आहे.